कार्ड खिशात अन् पैसे गायब! एटीएम कार्डाची नक्कल कशी होते, ती कशी टाळायची आणि पैसे गेलेच तर काय करायचं

एटीएम कार्ड हरवलेलं नाही, कोणाला दिलेलं नाही, ओटीपीसुद्धा कोणाला सांगितलेला नाही. तरी मोबाईलवर मेसेज येतो की तुमच्या खात्यातून दहा हजार रुपये काढले. तेही जिथं आपण जन्मात गेलो नाही अशा शहरातल्या एटीएममधून. अशा चोरीला पोलीस आणि बँकवाले 'स्किमिंग' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कार्डाची चोरून काढलेली नक्कल.

आता खेड्यापाड्यात प्रत्येक घरात एक तरी कार्ड आहे. ऊसबिल, पीक विमा, पीक कर्ज, पीएम किसानचा हप्ता, लाडकी बहीणचे पैसे, सगळं थेट खात्यावर येतं. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, एक महिना गेला तरी दुसरा असतो. शेतकऱ्याचं तसं नाही. वर्षाची कमाई एका दिवशी खात्यात पडते आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या एटीएमसमोर रांग लागते. त्या आठवड्यात खात्याला हात लागला तर अख्ख्या वर्षाचं गणित कोलमडतं.

म्हणून ही चोरी कशी चालते ते समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चोराला दोन वस्तू लागतात, कार्डावरची माहिती आणि पिन. पहिली आपल्या नकळत जाऊ शकते. दुसरी मात्र आपल्या हाताखाली असते. पिन झाकला आणि कोणाला सांगितला नाही तर एटीएममधून पैसे काढायला चोराजवळ अर्धीच किल्ली उरते. शिवाय एवढं करूनही पैसे गेले तर ते बँकेकडून परत मागायचा हक्क आपल्याकडे राहतो.

कार्डाच्या पाठीवरची काळी पट्टी

कार्ड उलटं करून बघा. वरच्या बाजूला एक काळी किंवा तपकिरी पट्टी दिसेल. जुन्या कॅसेटमधली टेप आठवते ना, ही त्याच जातीची चुंबकीय पट्टी. हिच्यावर कार्डाचा नंबर, मुदत, खातेदाराचं नाव आणि बँकेच्या तपासणीचे काही आकडे साठवलेले असतात. पिन या पट्टीवर नसतो. कार्डाच्या मागे छापलेले तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, तेही पट्टीवर नसतात.

अडचण अशी की या पट्टीला कुलूप नाही. कॅसेट जशी कोणत्याही टेपरेकॉर्डरवर वाजते, तशी ही पट्टी ती वाचणाऱ्या कोणत्याही यंत्रावर वाचली जाते. कार्ड एकदा सर्रकन ओढलं की झालं. ती माहिती दुसऱ्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या कार्डावर जशीच्या तशी भरता येते. वरून कोरं असलं तरी पट्टी वाचणाऱ्या मशीनला ते तुमचंच कार्ड वाटतं.

चोर मशीनवर काय बसवतो

एटीएमवर साधारण दोन वस्तू बसवल्या जातात.

पहिली, कार्ड वाचणारं यंत्र. एटीएममध्ये जिथं कार्ड घालतो त्या तोंडावर अगदी तसंच दिसणारं खोटं तोंड चिकटवतात. आपलं कार्ड त्यातून पुढं खऱ्या मशीनमध्ये जातं, पैसेही व्यवस्थित निघतात. म्हणून कोणाला संशय येत नाही. पण जाता जाता पट्टीची नक्कल झालेली असते. अलीकडची काही यंत्रं इतकी पातळ असतात की ती तोंडाच्या आतच बसवतात. ती बाहेरून दिसत नाहीत.

दुसरी, पिन चोरायची सोय. बहुतेक वेळा हा टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बघणारा छोटा कॅमेरा असतो. तो आकड्यांच्या वरच्या पट्टीत, बाजूच्या माहितीपत्रकांच्या डब्यात किंवा छताला लपवलेला असतो. काही ठिकाणी आकड्यांच्या बटणांवर हुबेहूब दिसणारी खोटी बटणं बसवतात. आपण दाबलेला आकडा तिथं नोंदला जातो आणि खालच्या खऱ्या बटणावरही दाब बसतो.

नंतर दोन्हींची वेळ जुळवली जाते. अमुक वाजून अमुक मिनिटांनी हे कार्ड गेलं, त्याच वेळी कॅमेऱ्यात हा पिन दिसला. जोडी जमली की नक्कल कार्ड तयार.

एटीएमच नाही, हॉटेल, ढाबा, पेट्रोल पंप अशा ठिकाणीही हे होऊ शकतं. मुठीत मावेल एवढं यंत्र गल्ल्याखाली ठेवलेलं असतं. आपण कार्ड दिलं, तो आत घेऊन गेला, बिलाच्या मशीनवर फिरवलं आणि हळूच त्या दुसऱ्या यंत्रावरही. आपण लांबून पिन ओरडून सांगितला की त्याचं काम झालं.

तिरुवनंतपुरमचं प्रकरण

केरळची राजधानी तिरुवनंतपुरम इथं ऑगस्ट २०१६ मध्ये असा प्रकार उघडकीस आला. एकामागून एक ग्राहक बँकेत आणि पोलीस ठाण्यात येऊ लागले. कार्ड त्यांच्याजवळच होतं, पैसे मात्र मुंबईतल्या एटीएममधून निघाले होते. या सगळ्यांनी शहरातलं एकच एटीएम वापरल्याचं तपासात समोर आलं. आग लागली तर धूर ओळखणारं जे गोल यंत्र छताला असतं, तसं दिसणारं एक यंत्र त्या एटीएमच्या खोलीत बसवलेलं होतं. आत कॅमेरा होता. एटीएममधल्या सीसीटीव्हीच्या चित्रणात ते बसवणारे परदेशी लोक दिसले. टोळी रुमानिया देशातली होती आणि त्यातला एक जण मुंबईत पकडला गेला.

पुढं २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कोलकात्यातही अशीच चोरी झाली. त्यातही रुमानियाचेच नागरिक दिल्लीत पकडले गेले.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, धूर ओळखायचं यंत्र बघून कोणाला शंका येणार? जाणकार माणूसही फसला असता. पण ज्याने बटणांवर हात आडवा धरला असेल, त्याचा पिन त्या छताच्या कॅमेऱ्याला दिसला नसता. दोन, माहिती एका राज्यात चोरली आणि पैसे दुसऱ्या राज्यात काढले. मधे बरेच दिवस जाऊ शकतात. म्हणून 'मी तर गेल्या आठवड्यात एटीएमला गेलोच नाही' असं म्हणून निश्चिंत राहू नका.

चिपचं कार्ड आलं, मग आता भीती कशाची?

कार्डाच्या दर्शनी बाजूला सोनेरी किंवा चंदेरी चौकोन असतो, ती चिप. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांना आदेश दिला आणि नुसत्या पट्टीची जुनी कार्डं बदलून चिपची देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठेवली.

चिप आणि पट्टीत फरक काय? कारखान्यावर उसाची गाडी वजन करते तेव्हा प्रत्येक खेपेला नवीन नंबरची काटापावती निघते. कालची पावती आज दाखवून दुसऱ्यांदा पैसे मागता येत नाहीत. चिप तसंच करते. प्रत्येक व्यवहाराला ती एक नवा गुप्त आकडा तयार करते आणि तो एकदाच चालतो. मधे कोणी तो चोरला तरी पुढच्या वेळी निरुपयोगी. आणि हा आकडा ज्या गुप्त किल्लीने तयार होतो, ती चिपच्या बाहेर येत नाही. पट्टी म्हणजे मात्र रबरी शिक्का. एकदा त्याची नक्कल झाली की हवा तेवढ्या वेळा उठवा.

मग धोका संपला का? बराच कमी झाला, संपला नाही. कारण चिपच्या कार्डावरही मागे ती काळी पट्टी आहेच. जुन्या मशीनवर आणि काही देशांत अजून पट्टीवर व्यवहार होतात, म्हणून ती ठेवली आहे. मास्टरकार्ड कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं की २०३३ पर्यंत त्यांच्या कार्डांवरची पट्टी पूर्ण जाईल. तोपर्यंत पट्टीची नक्कल करून जिथं चिप मागत नाहीत तिथं ती चालवायचा प्रयत्न चोर करत राहणार.

पट्टीवर भिस्त ठेवली की काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथं गरीब कुटुंबांना सरकार धान्य-किराण्यासाठी कार्डावर पैसे देतं, आपल्याकडच्या रेशनसारखी ती सोय. देश श्रीमंत, पण या कार्डांवर चिप नव्हती. महिन्याचे पैसे जमा झाले की दुकानातल्या मशीनवर नक्कल केलेल्या कार्डांनी ते चोरले जायचे. गरिबांचे इतके पैसे गेले की चोरीची रक्कम भरून देण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करावा लागला.

तेव्हा घरात कोणाकडे, विशेषतः म्हाताऱ्या माणसांकडे, अजून चिप नसलेलं जुनं कार्ड असेल तर ते शाखेत देऊन नवीन घ्या. ट्रंकेत पडलेलं जुनं कार्ड तसंच टाकू नका. बँकेत बंद झाल्याची खात्री करा आणि पट्टी व चिप दोन्ही कापून फेका.

सगळंच आपल्या हातात नसतं

नक्कल कार्ड नेहमी एटीएमवरच्या यंत्रातूनच बनतं असं नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला सायबर हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या यंत्रणेतच शिरकाव केला आणि नक्कल कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. भारतातही काढले, त्यात आपलं कोल्हापूरही होतं. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो फटका बँकेला बसला, ग्राहकांच्या खात्यातले पैसे सुरक्षित राहिले. २०१६ मध्येही देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचं समोर आलं होतं आणि बँकांना लाखो कार्डं बदलावी लागली.

अशा ठिकाणी आपण पिन झाकून काही होत नाही. तिथं उपयोगी पडतात दोन गोष्टी. कार्डावर घातलेली कमी मर्यादा आणि वेळेवर केलेली तक्रार. दोन्हींबद्दल पुढं सांगतो.

एटीएमवर गेल्यावर

१. कार्ड घालायच्या तोंडाला हाताने धरून हलवून बघा. खरं तोंड पक्कं असतं. हललं, निघाल्यासारखं वाटलं, रंग वेगळा दिसला, डिंकाचे किंवा टेपचे डाग दिसले तर कार्ड घालू नका.

२. बटणं जास्त उचललेली, मऊ किंवा दाबताना अडखळणारी वाटली तर थांबा.

३. शेजारी शेजारी दोन मशीन असतील तर दोन्ही बघा. एकावर जास्तीची पट्टी, डबा किंवा आरसा दिसला आणि दुसऱ्यावर नाही, तर शंका घ्या.

४. कार्ड आत जाताना अडकत असेल तर जोर लावू नका. काढून घ्या आणि दुसरीकडे जा.

५. वरचं सगळं ठीक दिसलं तरी पिन दाबताना दुसऱ्या हाताचा पंजा बटणांवर आडवा धरा. पदर धरा, उपरणं धरा, डोक्यावरची टोपी काढून धरली तरी चालेल. लाजायचं कारण नाही. मशीनच्या आत बसवलेलं यंत्र आपल्याला दिसणार नाही, तिथं हाच एक उपाय लागू पडतो.

६. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम वापरा, तेही दिवसा. आडरस्त्यावरच्या, पहारेकरी नसलेल्या एटीएमवर काही चिकटवायला चोराला निवांत वेळ मिळतो.

७. कार्ड घालायचंच टाळता आलं तर उत्तम. बऱ्याच एटीएमवर आता यूपीआयने पैसे काढता येतात. स्क्रीनवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करायचा, यूपीआय पिन मोबाईलवर टाकायचा. कार्डच आत गेलं नाही तर नक्कल कशाची होणार?

संशयास्पद काही दिसलं तर स्वतः उचकटत बसू नका. फोटो काढा, बँकेला आणि पोलिसांना कळवा.

पंपावर, दुकानात, ढाब्यावर

कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. स्वाईप मशीन आपल्याजवळ आणायला सांगा. 'वायर पुरत नाही' म्हणाला तर आपण उठून तिथं जा. पिन स्वतः दाबा. पंपावरच्या पोराला 'टाक रे, चार-दोन-एक...' असं गाडीवर बसूनच सांगायची सवय कितीतरी जणांना आहे. मागं उभे असलेले चार जण ऐकत असतात.

कार्ड पट्टीवर ओढण्यापेक्षा चिप घालून किंवा नुसतं टेकवून व्यवहार करा. टेकवून पिनशिवाय एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा व्यवहार होतो. ही सोय नको असेल तर ती बँकेच्या ॲपवरून बंद करता येते.

'काका, मी काढून देऊ का?'

तालुक्याच्या एटीएमवर नक्कल यंत्रापेक्षा हा प्रकार जास्त जपण्यासारखा आहे. मशीन अडखळतं, मागचा पोरगा पुढं येऊन मदत करतो, पिन बघतो आणि त्याच बँकेचं त्याच रंगाचं दुसरं कार्ड आपल्या हातात देतो. आपण घरी येतो, तोवर त्याने पैसे काढलेले असतात. इथं नक्कल करायचीही गरज नाही, खरं कार्डच गेलेलं असतं. एटीएममधून बाहेर पडताना कार्डावरचं नाव किंवा शेवटचे चार आकडे बघायची सवय लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी कार्डावर रंगाची एखादी खूण करून ठेवावी, चिप आणि पट्टी सोडून.

म्हाताऱ्या आई-वडिलांना एटीएम जमत नसेल तर पिन लिहिलेली चिठ्ठी कार्डाच्या पाकिटात घालून शेजारच्या पोराकडे देऊ नका. त्यापेक्षा शाखेत जाऊन विड्रॉल स्लिप भरून पैसे काढलेले बरे. रांगेत तास जाईल, पण पैसे जाणार नाहीत.

घरी बसून करायची पाच कामं

पहिलं काम, मोबाईल नंबर. खात्याला जोडलेला नंबर चालू आहे ना, हे आजच तपासा. सिम बदललं, नंबर बंद पडला, बँकेत जुनाच नंबर राहिला, असं बऱ्याच घरांत असतं. मग पैसे गेल्याचा मेसेजच येत नाही आणि पासबुक भरेपर्यंत चोरी कळत नाही.

दुसरं, परदेशातले व्यवहार बंद. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून कार्डावरच्या सोयी चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय ग्राहकाला मिळाली आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात ती दिसते. आपल्या देशात ऑनलाईन खरेदीला ओटीपी लागतो, पण परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर तो लागत नाही. आपल्याला तिकडं काही घ्यायचं नसेल तर 'आंतरराष्ट्रीय' हे बटण बंदच असू द्या.

तिसरं, मर्यादा. एका दिवसात एटीएममधून किती पैसे निघावेत ते आपणच ठरवा. एरवी पाच हजार ठेवा. लग्नकार्य, मजुरांचे पैसे असं काही असेल त्या दिवशी वाढवा, काम झालं की परत कमी करा.

चौथं, दोन खाती. ऊसबिल, पीक विमा अशा मोठ्या रकमेसाठी एक खातं ठेवा आणि त्याचं कार्ड घेऊच नका. घरखर्चाला लागतील तेवढे पैसे दुसऱ्या खात्यात टाका, कार्ड फक्त त्याचं. नक्कल झालीच तर खुर्दा जाईल, थैली वाचेल.

पाचवं, पिन. गाडीचा नंबर, जन्मसाल, १२३४ असले पिन ठेवू नका. तीन-चार महिन्यांनी बदला. बाहेरगावी, देवदर्शनाला जाऊन अनोळखी एटीएम वापरलं असेल तर घरी आल्यावर लगेच बदला. चोराने माहिती घेऊन ठेवली असली तरी जुना पिन चालणार नाही.

काही बँका एटीएमवरही ओटीपी मागतात. स्टेट बँकेने १८ सप्टेंबर २०२० पासून आपल्या एटीएमवर १०,००० आणि त्याहून जास्त रकमेला चोवीस तास ओटीपीची अट घातली. एटीएमला जाताना मोबाईल घरी चार्जिंगला लावून जाऊ नका, एवढंच.

व्हॉट्सॲपवरच्या या दोन गोष्टी खोट्या

'एटीएमवर आधी दोनदा कॅन्सल दाबा, म्हणजे पिन चोरीला जात नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय.' रिझर्व्ह बँकेने असं काही सांगितलेलं नाही. कॅन्सल दाबून ना कॅमेरा बंद होतो ना खोटं तोंड गळून पडतं.

'चोराने धमकावलं तर पिन उलटा टाका, पोलीस येतात.' अशी सोय आपल्याकडच्या एटीएमवर नाही. उलटा पिन म्हणजे फक्त चुकीचा पिन.

असले मेसेज ग्रुपवर आले तर पुढं ढकलू नका.

पैसे गेलेच तर: घड्याळ चालू झालं समजा

मेसेज आला आणि तो व्यवहार आपला नाही, तर पुढचं काम त्याच तासात करा. उद्या शाखा उघडल्यावर बघू, असं नको.

एक, कार्ड बंद करा. ॲपवरून किंवा कार्डामागच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून. हा नंबर आजच कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. ऐनवेळी गुगलवर शोधू नका, तिथं भामट्यांनी टाकलेले खोटे नंबरही असतात. फोन केल्यावर तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या.

दोन, १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

तीन, शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. तोंडी सांगून घरी येऊ नका. पासबुक भरून घ्या, मेसेज पुसू नका. जुनं कार्ड फेकू नका, ते आपल्याजवळच असल्याचा तो पुरावा आहे. त्या दिवशी, त्या वेळी आपण गावातच होतो हे दाखवणारं काहीही जोडा. डेअरीची दूध घातल्याची पावती, बाजार समितीची पट्टी, दवाखान्याचा कागद.

चार, पोलिसांत तक्रार द्या. पैसे दिल्लीत निघाले असले तरी तक्रार आपल्या ठाण्यात देता येते. दुसऱ्याच्या कार्डाची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क नव्हे, ६६सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पैसे परत मिळतात का?

मिळतात, पण दिवस मोजले जातात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याबद्दल परिपत्रक काढलं. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला आलं. त्याचा गाभा असा.

चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी चोरी केली, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं की नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत.

४ ते ७ दिवसांत कळवलं तर काही भार आपल्यावर येतो. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त ५,००० रुपये, इतर बचत खात्यांना १०,००० रुपये. ७ दिवसांच्या पुढं गेलं तर बँकेच्या धोरणावर अवलंबून.

कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर आहे.

पण याच परिपत्रकातली एक ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. ग्राहकाने स्वतः पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे पंपावर ओरडून सांगितलेला पिन, पाकिटात ठेवलेली चिठ्ठी, भाच्याला दिलेला आकडा, यात पैसे तर जातातच, ते परत मागायचा हक्कही जातो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तिथं पहिला प्रश्न येतो, बँकेत लेखी तक्रार केली होती का? म्हणून ती पोच जपून ठेवा.

कॅलेंडरच्या मागं तीन नंबर लिहा. आपल्या बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक, १९३० आणि १४४४८. आणि घरातल्या ज्या माणसाकडे कार्ड आहे पण हा लेख वाचता येत नाही, त्याला आज संध्याकाळी एवढं समजावून सांगा: पिन झाकून दाबायचा, कोणाला सांगायचा नाही, आणि न काढलेल्या पैशाचा मेसेज आला तर तो लगेच घरात दाखवायचा.